डिजिटल चलनाला अधिकृत कोड हवा होता, तेव्हाचा माझा अनुभव

आधी उत्तर सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा वेळ वाचेल. डॉलरला यूएसडी, येनला जेपीवाय असतो तसा आयएसओ ४२१७ या चलनांच्या कोडसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातला तीन अक्षरी कोड तुमच्या डिजिटल चलनाला मिळणार नाही. बिटकॉइनलाही तो मिळालेला नाही. मिळतो तो वेगळा ओळख क्रमांक, आयएसओ २४१६५ या मानकाखालचा, आणि तो काढणं त्यामानाने सोपं आहे. अवघड आहे ते तीन अक्षरांवर अडून बसलेल्या माणसांना हे पटवणं. माझा बहुतेक वेळ तिथेच गेला. काम झालं तरी राग काही शमलेला नाही, आणि आणखी कुणाचा असाच वेळ जाऊ नये म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं नेटवर्क लहान आहे. लोक आपल्या कॉम्प्युटरवरची मोकळी जागा इतरांना साठवणीसाठी देतात आणि मोबदला आमच्या टोकनमध्ये, म्हणजे आमच्या डिजिटल चलनात घेतात. रकमा अगदी बारीक, म्हणून टोकनला आठ दशांश स्थळं ठेवलेली आहेत. हे टोकन नेहमीच्या पैशांत बदलून मिळावं यासाठी एका पेमेंट कंपनीशी जोडणी करायची होती. करार झाला, कागदपत्रांची तपासणी झाली, तांत्रिक चाचणीही पार पडली. मग त्यांचा नोंदणी अर्ज आला. त्यात एक रकाना होता: ‘चलनाचा अधिकृत कोड’. तीन मोठी अक्षरं, अनिवार्य.

तोपर्यंत आमच्यात कोडवर चर्चा व्हायची ती आवडीनिवडीची. कुठली अक्षरं चांगली दिसतात, नावाशी कुठली जुळतात, एवढंच. पण आयएसओ ४२१७ असं चालत नाही. हे मानक १९७८ चं. त्यात पहिली दोन अक्षरं देशाच्या कोडची आणि तिसरं बहुधा चलनाच्या नावाचं. हा नियम लावला की बिटकॉइनसाठी रूढ असलेला बीटीसी भूतानच्या वाट्याला जातो, कारण बीटी म्हणजे भूतान आणि तिथल्या न्गुल्त्रुमचा कोड बीटीएन. ईथर या चलनाचा ईटीएच इथिओपियाच्या खात्यात जातो, तिथल्या बिरचा कोड ईटीबी आहे. जे कुठल्या एका देशाचं नाही त्याला बहुधा सुरुवातीला एक्स मिळतो. सोनं एक्सएयू, चांदी एक्सएजी, नाणेनिधीचे विशेष आहरण अधिकार एक्सडीआर, पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा सामायिक फ्रँक एक्सओएफ. म्हणूनच काही एक्स्चेंज, म्हणजे अशा चलनांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्या, बिटकॉइनला एक्सबीटी लिहितात. रीत बरोबर आहे, पण अधिकृत यादीत एक्सबीटी नाही. एक्सआरपी आणि एक्सएलएम ही इतर डिजिटल चलनांची नावंसुद्धा नाहीत, कितीही अस्सल दिसले तरी.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. बिटकॉइन फाउंडेशनने २०१४ मध्ये अशा मानकांसाठी एक गट नेमला होता. बिटकॉइनचं चिन्ह २०१७ मध्ये युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या मानकाच्या दहाव्या आवृत्तीत आलं, कोड मात्र आला नाही. एल साल्वादोरने २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला, तरी यादी जशीच्या तशी राहिली. ही यादी देशांच्या आणि मध्यवर्ती बँकांच्या पैशांभोवती उभी आहे. मध्यवर्ती बँकेने स्वतः डिजिटल पैसा काढला तरी कोड जुनाच राहतो: चीनचा डिजिटल युआन सीएनवायच, नायजेरियाचा ईनायरा एनजीएनच. पैसा तोच, रूप वेगळं. मला हे तर्काला धरून वाटतं. यादी सांभाळणाऱ्यांवर माझा राग नाही.

राग आहे तो त्या रकान्यावर.

वर लिहिलंय ते सगळं मी नीट मांडून पेमेंट कंपनीला पाठवलं. उत्तर आलं: ‘कृपया यादीतील कोड द्यावा.’ मी पुन्हा लिहिलं, की यादीत असा कोड नाही आणि येणारही नाही, तर पर्याय सुचवा. मग दुसऱ्याच व्यक्तीचं उत्तर: ‘आपला अर्ज अपूर्ण आहे, चलनाचा कोड भरावा.’ ये रे माझ्या मागल्या. दर वेळी नवा माणूस, दर वेळी सुरुवातीपासून सगळं सांगायचं. रकाना मोकळा सोडला की अर्ज पुढे सरकत नाही. आमचा टिकर, म्हणजे आम्हीच ठरवलेलं टोकनचं छोटं नाव, टाकला की लाल अक्षरांत सूचना येते, कारण त्यामागे तपासणीची यादी जोडलेली. म्हणजे माणसाने अर्ज वाचण्याआधीच यंत्र तो परत पाठवत होतं, आणि माणूस सांगत होता की आधी यंत्राकडून पास करून आणा.

मग फोनवर एकजण म्हणाले, “मॅडम, तुमच्या टोकनचा भाव डॉलरच्या आसपासच आहे ना? मग यूएसडी टाका. आतमध्ये आम्ही समजून घेऊ.”

मी ठाम नाही म्हटलं, आणि या एका गोष्टीचा मला अभिमान आहे. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर अर्ज संध्याकाळी मंजूर झाला असता. पण मग काय? कुणी अडीचशे टोकन बदलायला पाठवले की त्यांच्या खतावणीत अडीचशे डॉलर लागणार. भाव घसरला तरी नोंद डॉलरचीच. शुल्क डॉलरच्या दराने, अहवाल डॉलरचा, कराचा हिशेबही त्यावरच. ज्यांनी “आम्ही समजून घेऊ” म्हटलं ते उद्या त्या खुर्चीत नसणार, आणि ताळमेळ लावायला बसणाऱ्याला ती नोंद खरीच वाटणार. जे डॉलर नाहीत त्यांना डॉलर लिहिणं ही हिशेबातली खोटी नोंद आहे. तुम्हालाही असं कुणी सुचवेल. मान्य करू नका, आणि नकार लेखी कळवा.

त्यानंतर सुचवणी आली ती एक्सटीएसची. हा कोड खरा आहे, यादीत आहे, अंकी रूप ९६३, आणि राखून ठेवलाय तो चाचणीसाठी. आम्ही चाचणीच्या काळात तो वापरलाही होता आणि तेव्हा तो उत्तम चालला. पण चालू व्यवहारात वापरला तर पलीकडची कुठलीही यंत्रणा तो व्यवहार चाचणीचा समजून बाजूला काढू शकते, आणि तिची काही चूक नसेल.

याच सुमारास दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि कोडच्या भांडणात ती दडूनच गेली होती. आयएसओ २००२२ नावाचं संदेशांचं मानक आहे. बँका एकमेकींना जे संदेश पाठवतात त्यांतला रकमेचा रकाना या मानकात जास्तीत जास्त अठरा अंकांचा, आणि त्यात दशांशानंतर पाचच स्थळं. नेहमीच्या चलनांना ती भरपूर झाली: येनला एकही लागत नाही, डॉलरला दोन, कुवेती दिनारला तीन. आमच्या टोकनला आठ. मी ०.००००००१५ इतकी रक्कम त्यांच्या चाचणी यंत्रणेत भरून पाहिली. पडद्यावर दिसलं ०.०००००. आमच्याकडे कुणीतरी रात्रभर आपला कॉम्प्युटर चालू ठेवून मिळवलेला मोबदला पलीकडे शून्य झाला होता. म्हणजे कोड मिळाला असता तरी आमचं काम झालं नसतं. तीन अक्षरांच्या मागे दशांश स्थळांचीही एक समजूत असते, आणि रकाना भरताना तिच्याबद्दल कुणीच विचारत नाही.

तेव्हा मी प्रश्नच बदलला. ‘कुठला कोड चालेल?’ हे विचारणं सोडलं आणि लिहिलं: ‘हा रकाना पुढे कोण वाचतं, आणि त्याचं काय करतं, हे मला सांगू शकेल अशा व्यक्तीशी बोलायचं आहे.’ हे पत्र कुठे कुठे फिरलं देव जाणे, पण शेवटी खतावणीचं काम बघणाऱ्या एका सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन आला. शांतपणे ऐकून घेणारे गृहस्थ. त्यांनी सांगितलं, हा रकाना तीन ठिकाणी वाचला जातो: शुल्क काढताना, पडद्यावर दाखवताना आणि महिन्याच्या अहवालात. मग स्वतःच थांबून म्हणाले, “पण शेअर आणि रोख्यांसाठी आमच्याकडे वेगळा रकाना आहेच. मालमत्तेचा ओळख क्रमांक. तो बारा अक्षरांपर्यंत घेतो.” काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांच्याच यंत्रणेत जागा होती, अर्ज बनवणाऱ्याला ती ठाऊक नव्हती.

तोडगा निघाला तो असा. तीन अक्षरांच्या रकान्यात एक्सएक्सएक्स, अंकी ९९९. ‘या व्यवहारात कुठलंही चलन नाही’ हे सांगणारा हा अधिकृत कोड आहे, यादीत आहे, त्यामुळे यंत्र अडवत नाही आणि नोंदही खोटी होत नाही. मालमत्तेच्या रकान्यात डिजिटल टोकनचा ओळख क्रमांक. आणि रक्कम टोकनमध्ये न लिहिता सर्वांत लहान एककात, पूर्णांकात. दशांशाचा प्रश्नच मिटला. इथे एक सावधगिरी: अठरा अंकांची मर्यादा राहतेच. आठ स्थळांच्या चलनाला ती भरपूर पुरते. पण ईथरसारखं अठरा स्थळांचं चलन असेल तर एक अख्खा ईथर लिहायलाच एकोणीस अंक लागतात. असं चलन असलेल्यांनी हा मार्ग धरण्याआधी आकडे मोजून घ्यावेत.

अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करत असाल तर आणखी एक. एक्सएक्सएक्सची दशांश स्थळं विचारली की जावा उणे एक हे उत्तर देतं. शून्य किंवा दोन धरून लिहिलेला हिशेब तिथे कोसळतो. आधीच सोय करून ठेवा.

आता त्या ओळख क्रमांकाबद्दल, जो खरं तर आधी सांगायला हवा. आयएसओ २४१६५ हे मानक २०२१ मध्ये आलं, नोंदणी डीटीआय (डिजिटल टोकन आयडेंटिफायर) फाउंडेशन पाहतं. क्रमांक नऊ अक्षरांचा असतो, अंक आणि व्यंजनं मिसळून. स्वर मुद्दाम वगळलेत आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. बिटकॉइनचा क्रमांक आहे ४एच९५जे०आर२एक्स. दिसायला अगदीच रुक्ष, आणि तो आपल्याला निवडताही येत नाही. आमच्या एका सहकाऱ्याचा त्यामुळे हिरमोड झाला. मला मात्र तेच त्याचं बळ वाटतं: चांगल्या अक्षरांसाठी भांडण नाही, देशाच्या कोडशी टक्कर नाही. स्वतःची साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची नोंदवही) असेल तर पहिल्या ब्लॉकचा हॅश (त्याची ओळख पटवणारा आकडा), हॅशची पद्धत आणि त्या ब्लॉकची वेळ तयार ठेवा. दुसऱ्याच्या साखळीवर टोकन असेल तर टोकन चालवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे साखळीवरच्या प्रोग्रामचा, पत्ता लागतो. एकच टोकन दोन साखळ्यांवर असेल तर क्रमांकही दोन, हे हिशेब ठेवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

माणसांसाठी टिकर वेगळा लागतोच, आणि तो कुणाकडून मंजूर करून घ्यायचा नसतो. तिथेच धोका आहे. २०१७ मध्ये बिटकॉइनपासून बिटकॉइन कॅश वेगळं झालं तेव्हा काही एक्स्चेंजनी त्याला बीसीसी लिहिलं, आणि बिटकनेक्ट नावाचं भलतंच टोकन आधीपासून त्याच अक्षरांनी चालू होतं. आम्ही एक्सपासून सुरू होणारा टिकर घेतला, कारण देशांच्या कोडमध्ये एक्सची सगळी ओळ वापरणाऱ्यांसाठी मोकळी सोडलेली आहे आणि कुठला देश तिथे येणार नाही. पण चालू यादी बघून थांबू नका. आयएसओ ४२१७ च्या तीन याद्या आहेत आणि तिसरी आहे बंद झालेल्या चलनांची. आमचा लाडका पर्याय एक्सएफयू चालू यादीत मोकळा दिसला, तिसऱ्या यादीत मात्र तो आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या हिशेबी फ्रँकचा निघाला. सोडून दिला. तिन्ही याद्या फुकट उतरवून घेता येतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

कुणी ‘आमचं कॉइन आयएसओ २००२२ प्रमाणित आहे’ असं सांगत आलं तर विश्वास ठेवू नका. ते मानक संदेश कसे लिहायचे याचं आहे, कॉइनला प्रमाणपत्र देण्याचं नाही. आमच्यावरही तसं लिहिण्याचा आग्रह झाला होता. आम्ही लिहिलं नाही.

आणि एक्सची ओळ देशांपासून सुरक्षित असली तरी चलनांपासून नाही. ३१ मार्च २०२५ पासून क्युरासाओ आणि सिंट मार्टेनचा कॅरिबियन गिल्डर एक्ससीजी या कोडने चालू झाला. दोन भागांचं सामायिक चलन, म्हणून एक्स. ज्यांचा टिकर तोच असेल त्यांची आता एका अधिकृत कोडशी टक्कर आहे. म्हणून आमचा टिकर सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत ठेवलाय, प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी लिहिलेला नाही, आणि यादीत दुरुस्ती आली की मला मेल येईल अशी व्यवस्था करून ठेवली आहे.