मे महिन्यातल्या विहिरी

२०२२ च्या मे महिन्यात पारनेर तालुक्यातल्या एका गावात मी विहिरीत टेप सोडून पाणी मोजत हिंडत होते. परदेशी मदतीतून तिथे पाणलोटाचं काम झालं होतं. डोंगरावर पाणी मुरवायला उताराला आडवे सलग समतल चर, खाली माती नालाबांध, गॅबियन म्हणजे जाळीत दगड भरून केलेले बंधारे. त्याचा उपयोग किती झाला, हे आमच्या चौघांच्या गटाला सांगायचं होतं.

कामाआधीची पाहणी मे २०१३ ची. दोन्ही आकडे शेजारी मांडले आणि जीव सुखावला, जवळजवळ प्रत्येक विहिरीचं पाणी वर आलं होतं. रात्री तक्ता पुन्हा बघताना नजर सालावर अडली. २०१२-१३ चा तो दुष्काळ मला चांगला आठवतो, टँकर आणि चारा छावण्यांचा. उलट २०१९ पासून सलग तीन पावसाळे चांगले झाले होते. मग विहिरीतलं पाणी चरांनी मुरवलेलं, की नुसतं पावसाचं?

हे ठरवायला पाणलोटाचं काम न झालेलं, तसाच खडक आणि उतार असलेलं गाव हवं होतं. २०१३ मध्ये असं गाव कुणी निवडलंच नव्हतं. हीच चूक सगळ्यात महागात पडते, कारण मागच्या वर्षांचं पाणी आज मोजता येत नाही. सुदैवाने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा त्यांची पातळी नोंदली जाते. आसपासच्या तीन विहिरींच्या जुन्या नोंदी मिळवल्या, महसूल मंडळांचा पाऊस त्यांच्याशेजारी ठेवला. तिथेही पाणी वाढलं होतं. इथली वाढ वजा तिथली वाढ, एवढंच प्रकल्पाचं. ते उरलं, पण पहिल्या तक्त्यात दिसलं होतं त्याहून बरंच कमी.

हे परिशिष्टात टाकावं, असं गटातल्या एकाचं मत पडलं. त्यावर आम्ही दोन दिवस भांडलो. पुढच्या गावांचा पैसा याच आकड्यावर ठरणार होता, त्यामुळे मी मागे हटले नाही. अशा मूल्यमापनाचे निकष आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९१ मध्येच मांडले गेले: प्रस्तुतता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, टिकाऊपणा. २०१९ मध्ये त्यांत 'सुसंगती' हा सहावा निकष जोडला गेला. आमच्या अहवालातही ही सहा प्रकरणं होती. पण मला खरं काय ते कळलं घराघरांत.

बागायतदार म्हणाले, पाणी आलं. एक शेतकरी मात्र थेट म्हणाला, "ताई, पानी वाढलं तसं बोअरबी वाढले." टिकाऊपणाच्या प्रकरणात मी पानभर लिहिलं असतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं. मुरलेलं पाणी ज्याचा बोअर खोल त्याच्याकडे जातं. शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी घातली, ते याचसाठी. आमच्या गावात तसा ठराव झालाच नव्हता.

गावाच्या कडेच्या वस्तीवर एक आजी भेटल्या. जमीन नाही. "डोंगर चराईला बंद केला तवा शेरडं इकली," त्या म्हणाल्या. "कुनी इचारलंच न्हाई." चराईबंदीशिवाय चर टिकत नाहीत, हे मला पटतं. पण त्या बंदीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या वावरात पाण्याचा थेंब आला नाही, कारण त्यांना वावरच नाही. आमच्या प्रश्नावलीत शेळ्या किती आहेत हे विचारलं होतं. किती विकल्या आणि का, हे विचारलं नव्हतं. ते दोन प्रश्न वाढवून आम्ही वस्तीवरची सगळी घरं पुन्हा केली. वेळापत्रक आठवडाभर लांबलं.

शेवटी दोन्ही गोष्टी अहवालाच्या मुख्य भागात गेल्या. मराठी सारांश मी ग्रामसभेत वाचला. वाढीचा कमी झालेला आकडा ऐकून सरपंच नाराज झाले, ते साहजिक होतं. चराईचा परिच्छेद आला तेव्हा आजी मागे बसल्या होत्या. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग डोंगरावरचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यायचा का, यावर सभा अंधार पडेपर्यंत चालली.