पुढची तारीख: मुलुंडच्या एका इस्टेट एजन्सीची वाटचाल

आमची कचेरी मुलुंड पूर्वेला. भाड्याची घरं आणि रीसेल हे मुख्य काम, मधूनमधून नव्या बिल्डिंगमधलं बुकिंग. टेबलं चार. आधी वही, मग मोबाइल, मग एक्सेल आणि शेवटी कॉन्टॅक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर (गिऱ्हाइकांच्या नोंदी आणि पाठपुरावा ठेवणारं) असा आमचा प्रवास झाला. धंद्यात नवीन येणारे पहिला प्रश्न विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? आमच्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी माहिती कशाभोवती लावायची ते ठरवा. आमचा सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला.

वहीत माहिती तारखेप्रमाणे पडायची. आजचा फोन आजच्या पानावर. तीन महिन्यांनी त्याच माणसाचा पुन्हा फोन आला की पानं उलटत बसायचं. मोबाइल आल्यावर शोधणं सोपं झालं, पण फोनबुकात ‘जोशी २बीएचके’, ‘जोशी टेरेस’ आणि ‘जोशीकाका भाडं’ अशी तीन नावं झाली, आणि तिन्ही एकाच गृहस्थांची. त्यांचं एक घर भाड्याने दिलेलं, एक विकायला काढलेलं, आणि मुलासाठी तिसरं शोधणं चालू. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवरही भिस्त ठेवून पाहिली. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. नव्या गिऱ्हाइकाने तो सेव्ह केलेला नसतोच, म्हणजे ज्याला कळवायची घाई त्यालाच कळत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चार नोंदी वेगळ्या ठेवल्या: माणूस, जागा, सोसायटी आणि व्यवहार. ‘मालक’, ‘खरेदीदार’, ‘भाडेकरू’ ही लेबलं माणसाला लावायची नाहीत. ती व्यवहाराला लावायची. जोशीकाका एकच, त्यांच्याखाली तीन व्यवहार. सोसायटीला वेगळी नोंद लागते, कारण सेक्रेटरी बदलतो. कमिटीची मुदत पाच वर्षांची, मधेच राजीनामेही होतात. सेक्रेटरीचा नंबर फ्लॅटच्या नोंदीत टाकला तर एका निवडणुकीनंतर वीस ठिकाणी दुरुस्ती. सोसायटीच्या नोंदीत टाकला तर एकदाच. लिफ्ट किती, पार्किंग स्टिल्टमध्ये (इमारतीच्या खांबांखाली) की उघड्यावर, पाण्याची वेळ, ओसी (राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) आहे का, भाडेकरूंबद्दल सोसायटीचे काय नियम आहेत, हेही तिथेच. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिलं की सोसायटी घेते ते पैसे) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि महापालिका हद्दीत ट्रान्स्फर प्रीमियमची (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. सोसायटी प्रत्यक्षात किती मागते ते या आकड्यांशेजारी लिहून ठेवलं की टोकनच्या (सौदा पक्का करायची पहिली रक्कम देण्याच्या) दिवशी वाद कमी होतो.

जुनी माहिती आत घेताना

एक्सेलमधून माहिती नव्या ठिकाणी नेताना चार गोष्टी हमखास बिघडतात, आणि चारही आधी टाळता येतात.

पहिली, फोन नंबर. कुठे सुरुवातीला ९१, कुठे शून्य, कुठे मधे मोकळी जागा. सॉफ्टवेअरला हे तीन वेगळे नंबर वाटतात, त्यामुळे दुहेरी नोंद पकडली जात नाही. त्यात रकाना ‘टेक्स्ट’ केलेला नसेल तर देशाच्या कोडसकटचा नंबर ९.१९ई+११ असा दिसायला लागतो, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे गेले. आधी रकाना टेक्स्ट करा, मग शेवटचे दहा आकडे ठेवून बाकीचं काढा, मगच दुहेरी शोधा. नावावरून दुहेरी शोधायला जाऊ नका. देवनागरीत एक, रोमनमध्ये दुसरं, आडनावाची स्पेलिंगं तीन.

दुसरी, तारीख. दिवस-महिना-वर्ष ही आपली सवय, पण कित्येक सॉफ्टवेअर महिना-दिवस धरून चालतात. ०५-०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे? दिवस बाराच्या पुढचा असला की चूक दाखवतं, बाराच्या आत असला की गुपचूप उलटं घेतं. तपासणीसाठी म्हणून १३ तारखेआधीच्या नोंदी उघडून पाहा. तिसरी, देवनागरी. फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं टिकवणारी साठवणीची पद्धत) मध्ये सेव्ह केली नाही तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. चौथी, किंमत. एकाने १.२५ लिहिलंय, दुसऱ्याने १२५, तिसऱ्याने ‘सव्वा’. तिघांच्या मनात सव्वा कोटीच. किंमत पूर्ण रुपयांतच लिहायची, १२५०००००, आणि क्षेत्रफळ फक्त रेरा कार्पेट (रेरा या गृहबांधणी कायद्याप्रमाणे घराच्या आतलं वापरण्याजोगं क्षेत्र) चौरस फुटांत. करारात चौरस मीटर असतं, त्याला १०.७६४ ने गुणा. बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप (भिंती, जिने वगैरे धरून येणारी मोठी मापं) ज्याला सांगायचंय त्याला तोंडी सांगा, रकान्यात नको.

बजेट विचारू नका

गिऱ्हाईक म्हणतं, ‘एक वीसपर्यंत बघू.’ आम्ही हा आकडा बजेट म्हणून लिहायचो आणि त्या किमतीची घरं दाखवत सुटायचो. सौदा टोकनवर येऊन अडायचा. आता रकाना ‘हातातली रक्कम’ असा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. म्हणजे १ कोटी २० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ९० लाख. उरलेले ३० लाख स्वतःचे. त्यावर मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासह ६ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार, आणि नोंदणी फी ३०,०००. हे कर्जात धरलं जात नाही. आमची दलाली आणि सोसायटीचा खर्च सोडून साडेसदतीस लाख हातात हवेत. हातात पंचवीसच असतील तर ते गिऱ्हाईक १ कोटी २० चं नाहीच. घर ८० लाखांचं धरा. तिथे कर्ज ७५ लाखांच्या आत असल्याने मर्यादा ८० टक्क्यांची: कर्ज ६४, स्वतःचे १६, शुल्क आणि नोंदणी मिळून ५ लाख १० हजार. एकूण २१ लाख १० हजार, म्हणजे पंचवीसात बसतं. ही आकडेमोड सॉफ्टवेअरमध्ये सूत्र म्हणून बसवली आहे. दोन टिपा मात्र हाताने लिहाव्या लागतात. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला त्या भागातला दर) यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं, आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. म्हणून ‘घर कोणाच्या नावावर’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारावा. गिऱ्हाइकाला तो आगाऊपणा वाटत नाही, उलट बरं वाटतं.

विकणारा भारतात राहतो की परदेशात, हाही रकाना सक्तीचा. निवासी विक्रेत्याकडून ५० लाख किंवा त्यावरचं घर घेताना खरेदीदार १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशातून आधीच कापून भरायचा आयकर) कापतो. विक्रेता एनआरआय असला की हा १ टक्क्याचा नियम लागू नाही, कपात कितीतरी मोठी होते आणि सीए गाठावा लागतो. हे करारनाम्याच्या आठवड्यात कळलं तर सगळे आपल्याकडेच बघतात. भाड्यालाही तेच: मालक एनआरआय असेल तर टीडीएस कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते.

अकरा महिन्यांची साखळी

ज्याने सॉफ्टवेअरचा खर्च वसूल करून दिला ते काम म्हणजे रिन्यूअल. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा ठरावीक मुदतीचा करार) संपायच्या दिवशी मालकाला आठवण करून उपयोग नसतो, तोवर भाडेकरूने दुसरीकडे टोकन दिलेलं असतं. आम्ही करार नोंदवला की कामांची एक साखळी आपोआप तयार होते. मुदत संपायच्या साठ दिवस आधी मालकाला फोन: घर पुढे द्यायचंय का, भाडं किती. पंचेचाळीस दिवसांवर भाडेकरूला. तिसाव्या दिवशी दोघांचा आकडा जुळला का ते बघणं, नाही जुळला तर त्याच दिवशी जागा पुन्हा बाजारात. पंधरा दिवसांवर ऑनलाइन मसुदा. मालक आधी, भाडेकरू नंतर हा क्रम बदलायचा नाही. मालकाच्या मनात घर विकायचं असेल तर भाडेकरूला उगाच आशा लावल्यासारखं होतं.

इथे एक बारीक खोच आहे. आमच्या साच्यात सुरुवातीला ‘३३० दिवसांनी’ असं टाकलेलं होतं. १ जूनला सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार ३० एप्रिलला संपतो, पण १ जूनपासून ३३० दिवस मोजले तर २७ एप्रिल येते. तीन दिवसांचा फरक किरकोळ वाटतो, पण भाडेकरूचा टेम्पो आणि नव्या माणसाची चावी याच तीन दिवसांत असतात. मुदत दिवसांत मोजू नका. महिन्यांत मोजून एक दिवस वजा करा. सॉफ्टवेअरला ते जमत नसेल तर शेवटची तारीख करारातून बघून हाताने भरा आणि साखळी तिथून उलटी लावा.

शुल्काचं गणितही व्यवहारातच ठेवलंय. भाडं ४०,०००, अकरा महिन्यांचे ४,४०,०००. परत मिळणारं डिपॉझिट १,५०,०००, त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून अकरा महिन्यांचे १३,७५०. बेरीज ४,५३,७५०, तिच्या ०.२५ टक्के म्हणजे सूत्राने १,१३४ रुपये मुद्रांक शुल्क. शिवाय शहरात नोंदणी फी १,०००. हेवी डिपॉझिट (मोठी अनामत, भाडं कमी) असलं की व्याजाचा भाग फुगतो, तेव्हा तोंडी अंदाज सांगू नये. आणि ‘नोटरी करून चालेल ना?’ याला आमचं उत्तर ठरलेलं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे वाक्य ऐकलं की मालक नोंदणीला तयार होतात.

बायोमेट्रिकच्या कामाला दोन दिवसांची सवड धरलेली बरी. वयस्कर मंडळींचे अंगठे मशीनवर चटकन लागत नाहीत. ‘काकू, हात जरा कोमट पाण्याने धुऊन घेता का’ असं म्हणून पुन्हा प्रयत्न करावा लागतो, कधी दुसऱ्या दिवशी जावं लागतं. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आहे का, हे साठाव्या दिवशीच विचारायचं.

हीच साखळी रीडेव्हलपमेंटच्या कुटुंबांना थोडी बदलून लावतो. एक बिल्डिंग खाली होते तेव्हा वीस-पंचवीस घरं एकाच पंधरवड्यात भाड्याने शोधतात, सगळ्यांना तीच शाळा, तेच स्टेशन हवं. त्यांच्या नोंदीत ‘परत जाण्याची अंदाजे तारीख’ लागते. ती पुढे सरकतच असते, म्हणून दर सहा महिन्यांनी एक फोन.

बाकी सगळ्या नोंदींना एकच नियम: पुढची तारीख रिकामी ठेवून नोंद बंदच होत नाही. ‘बघून सांगतो म्हणाले’ एवढंच लिहिलं तर सॉफ्टवेअर सेव्ह करत नाही. घर नको म्हणाले तर कारण यादीतून निवडायचं: दर, मजला आणि लिफ्ट, पार्किंग, स्टेशनचं अंतर, वास्तू, कर्ज. ‘वास्तू’वर क्लिक झालं की दिशाही लिहायची, नाहीतर पुढच्या रविवारी पुन्हा दक्षिणमुखी दार दाखवलं जातं. पितृपक्ष कॅलेंडरवर रंगवून ठेवलाय. त्या दिवसांत घरं बघणं चालू असतं, टोकनची तारीख मात्र कोणी देत नाही, तेव्हा पाठपुरावा थेट नवरात्रात टाकायचा.

चाव्यांची नोंदही जागेखाली. बिल्ल्यावर फ्लॅट नंबर कधीही लिहायचा नाही, फक्त आमचा क्रमांक. चावी कोणी नेली, किती वाजता, हे निघण्याआधी भरायचं. परत आल्यावर भरू म्हटलं की राहतंच.

नव्या प्रकल्पांच्या निरोपाचे साचे वेगळे ठेवलेत, कारण जाहिरातीत महारेराचा (रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा) प्रकल्प क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. साच्यात तो रकाना रिकामा असेल तर निरोप जात नाही. बुकिंगच्या वेळी आणखी एक सूचना समोर येते: नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आमची स्वतःची एजंट नोंदणी पाच वर्षांची असते, तिचं नूतनीकरणही याच कामांच्या यादीत आहे. एसएमएस पाठवायचे तर डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी) लागते. आम्ही ते सोडून दिलं, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. निरोप कोणत्या भाषेत, हा रकाना मात्र लावाच. मुलुंडमध्ये एका मजल्यावर मराठी, समोर गुजराती.

नंबर कचेरीचा, सिम कचेरीचं, आणि यादी बाहेर काढायची परवानगी एकाच लॉगिनला. दर शनिवारी सीएसव्ही उतरवतो आणि महिन्यातून एकदा ती रिकाम्या खात्यात परत चढवून बघतो. आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गॅलरीत राहू द्यायचे नाहीत. नोंदणी झाली की फोनमधून काढायचे.

एक गोष्ट अजून नीट बसलेली नाही: दुसऱ्या एजंटबरोबरचे सौदे. गिऱ्हाईक त्यांचं, जागा आमची, किंवा उलट. आमच्या सॉफ्टवेअरला एका व्यवहाराला एकच एजंट कळतो. सध्या दुसऱ्या एजंटला ‘माणूस’ म्हणूनच नोंदवतो, व्यवहारात ‘सोबतचा एजंट’ असा जोड देतो आणि दलालीचा वाटा पहिल्या व्हिजिटआधी निरोपातून पक्का करून त्याचा स्क्रीनशॉट तिथे लावतो. त्यांच्या गिऱ्हाइकाचा नंबर आमच्या यादीत घ्यायचा नाही हे ठरलंय. पण तेच गिऱ्हाईक वर्षभराने स्वतःहून फोन करतं, तेव्हा सॉफ्टवेअर त्याला नवीन समजतं. म्हणून आता अशा व्यवहारात जागा, तारीख आणि सोबतच्या एजंटचं नाव ठेवतो, म्हणजे फोन आला की ‘हे घर कोणासोबत पाहिलं होतं?’ एवढं विचारून जुळवता येतं.