वास्को द गामाची परतीची वाट

आज लिस्बनच्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर पाहिली. पांढऱ्या दगडातला गामा हात जोडून निजलाय, बाजूला जहाज कोरलंय. माणूस १५२४ मध्ये कोचीत वारला, अस्थी नंतर पोर्तुगालला आणल्या.

माझ्या डोक्यात मात्र त्याचा पहिला परतीचा प्रवास घोळत होता. १४९८ मध्ये भारतात येताना पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदराचा वाटाड्या सोबत, वारा पाठीशी. अरबी समुद्र २३ दिवसांत पार! परत जाताना वाऱ्याचा अंदाज न घेताच स्वारी निघाली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं, आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी उजाडला. वारा कधी पडलेला, कधी उलटा. स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या रोगाने, हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या, घास चावता येईना. तीसेक खलाशी वाटेतच गेले. शेवटी हात कमी पडतात म्हणून 'साव राफाएल' हे स्वतःचंच जहाज जाळलं. (आपल्या कोकणातल्या एखाद्या तांडेलाला विचारलं असतं तर म्हणाला असता, थांबा जरा, वारा फिरू दे!)

दर्यावर्दी म्हणून त्याला मानतो. पण कबरीसमोर हात जोडवले नाहीत. १५०२ मध्ये हज यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट पेटवून देणारा हाच.