दुपारी दोनची गोळी

मी पॅलिएटिव्हची सिस्टर. ज्यांचा आजार आता बरा व्हायचा नाही त्यांच्या घरी जायचं, दुखणं किती आहे, पोट साफ होतंय का, पाठीला जखम पडली का ते बघायचं आणि मॉर्फीनच्या गोळ्या मोजायच्या. मोजण्यातून सुटका नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातलं औषध, एकेका गोळीचा हिशोब रजिस्टरात.

मालवणच्या बाजूला किनाऱ्यालगतच्या एका वाडीत एक मावशी होती. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरलेला. हाडातलं दुखणं वाईट. कूस बदलली तरी माणूस कळवळतो. डॉक्टरांनी दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली होती: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला एकदम दोन, म्हणजे मध्यरात्री कोणाला उठायला नको. गुंगीत राहील, सवय लागेल ही घरच्यांची भीती मी आधीच काढली होती. दुखण्याच्या मापात दिलेल्या मॉर्फीनने माणूस वेडाबिडा होत नाही. मुख्य त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत द्यायचं.

मार्चमधला पहिला शुक्रवार होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. अंगणात काजूची बोंडं पडून कुजली होती आणि त्या आंबूस वासाने घर भरलं होतं. मी औषधाची डबी उघडली तर गोळ्या हिशोबाला बरोबर, पण मावशीचं दुखणं तसंच. काका, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले, ‘‘रोज मियाच देतंय. सगळा गपचूप सोसता ती, कुरकुर नाय.’’ सुनेने काही न बोलता अल्ताराकडे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याकडे, नजर टाकली. सांत आंतोनीच्या पुतळ्यामागे तपकिरीची जुनी डबी होती. मी वेंगुर्ल्याची, मिशनच्या मंडळीतली. आमच्या प्रार्थनालयात पुतळे नसतात, त्यामुळे हात घालताना जरा अवघडले. आत गोळ्याच गोळ्या. जिभेखाली धरून मागाहून काढलेल्या, काही अर्ध्या विरघळलेल्या.

मावशीला विचारलं, तर तिच्याकडे उत्तर तयार. ‘‘येसून क्रुसार ती दारू घेवक नाय. मगे मिया कित्याक घेव?’’

खोटं नव्हतं. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला द्राक्षारस त्याने नाकारला असं आहे. तो दुखणं बधिर करायला देत असं मानतात. मी रुपयाच्या सोळा आण्यांतले किती आणे दुखतंय असं विचारते, जुन्या माणसांना एक ते दहापेक्षा ते बरं समजतं. ती म्हणाली, ‘‘चौदा.’’ आणि हसली. सहनशीलता म्हटली की सगळ्यांना असलं हसणं आवडतं. मला त्याची धास्ती वाटते. ज्याच्या धीराचे गोडवे गातात त्या बायबलातल्या ईयोबाने त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्याच अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप दिला आहे. ते पान मात्र कोणी उघडत नाही.

तेवढ्यात फादर आले. पहिल्या शुक्रवारी ते आजाऱ्यांना कम्युनिअन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन घरोघर जातात. मी त्यांना ओटीवरच डबी दाखवली. त्यांनी आत येऊन खुर्ची खाटेजवळ ओढली आणि समजूत घालण्याच्या भानगडीत न पडता सरळ सांगितलं: 1957 साली पोप बारावे पायस यांना भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि दुखणं शमवायला असं औषध घ्यायला हरकत नाही असं त्यांनी उत्तर दिलं. कोणाला स्वतःहून काही सोसायचं असेल तर त्याने सोसावं, पण ते कर्तव्य नाही. मावशीने ऐकून घेतलं. पटलं असं काही दिसलं नाही.

शेजारच्या बायका जमल्याच होत्या, तेर्स, म्हणजे मणी मोजत म्हणायची रोझरीची प्रार्थना, सुरू झाला. प्रत्येक प्रार्थनेचा पुढचा अर्धा भाग मावशी म्हणायची, मागचा सगळ्यांनी. शुक्रवारी दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, त्यातलं पहिलं क्रुसाच्या आदल्या रात्रीचं, गेथशेमनेच्या बागेतलं. तिथेच ती अडकली. एकदा, दोनदा. मग ओरडली, ‘‘माका सोसवना नाय! खंय आसस तू? ऐकतस काय नाय?’’ त्यापुढे ती देवाला जे बोलली ते इथे लिहीत नाही. अस्सल मालवणी होतं.

काका तिला गप्प करायला उठले, फादरनी हाताने बसवलं. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने तिचा अर्धा भाग उचलला, बाकीच्यांनी मागचा, आणि मोजून सोडलेल्या मण्यापासून तेर्स पुढे गेला. तिकडे मावशीचं रडणं-भांडणं चालू, इकडे ह्यांचं म्हणणं चालू. कोणीही आवाज खाली आणला नाही. मला तेर्स येत नाही, पण मागचा भाग दुसऱ्या दशकापर्यंत, म्हणजे दुसऱ्या दहा मण्यांपर्यंत, ओठांवर बसला होता. बागेत येशूने तरी काय केलं? हा प्याला टळो असं त्याने पुन्हा पुन्हा मागितलं, आणि तिघांना जवळ जागं राहायला सांगितलं. ते झोपले. ह्या बायका मात्र जाग्या होत्या.

संपल्यावर मावशीने कम्युनिअन घेतलं आणि माझ्याकडे हात केला. दोन वाजायला अवकाश होता, पण सकाळी दहाची गोळी तपकिरीच्या डबीतच गेली होती, म्हणून डॉक्टरांना फोन करून तेव्हाच दिली. ह्या वेळी तोंड उघडून बघितलं. पाऊण तासाने विचारलं. सहा आणे. ती कुशीवर वळली आणि सुनेला म्हणाली, बोंडं झाडून काढ, घाण वास येता.

जमवलेल्या गोळ्या मी पंचासमोर मोजल्यासारख्या काका आणि सुनेसमोर मोजल्या, लिहून परत नेल्या. तेर्साची वेळ संध्याकाळी सातची ठरवली, म्हणजे सहाच्या गोळीचा गुण तोवर आलेला असतो. मावशीने एकच अट घातली. गुड फ्रायडेला दुपारी दोनची गोळी ती तीन वाजल्यानंतर, म्हणजे येशूने प्राण सोडला ती वेळ टळल्यावर, घेणार. मी बरीच हुज्जत घातली, मला ते आजही पटलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, एका तासाने काही बिघडत नाही. त्या दिवशी तिने सव्वातीनला गोळी घेतली, आणि उशिराच्या कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: रुग्णाची इच्छा.