तुम्ही विचारलंत म्हणून: त्या डब्याला हार्ड डिस्क कशाला?

ऑफिसात कुणाला तरी कळतं, लग्नकार्यात कुणीतरी विषय काढतं, आणि भाचा घरी आला की तर हमखास. "मामा, वीस वर्षांपूर्वीचं गेमचं मशीन, प्लेस्टेशन 2. त्याला हार्ड डिस्क जोडायची, नेटवर्कची केबल लावायची, कशासाठी? लॅपटॉपवर इम्युलेटर टाक ना, सगळं चालतं." आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं सांगून टाकतो.

तुमचं जे बरोबर आहे ते आधीच मान्य करतो. पीसीएसएक्स2 हा इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर प्लेस्टेशन 2 ची नक्कल करणारा प्रोग्राम, उत्तम आहे. त्यावर चित्र मूळ मशीनपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं, आणि माझ्या फ्लॅट टीव्हीवर खरं मशीन लावलं की गाडीची नंबर प्लेटसुद्धा वाचता येत नाही. शिवाय टीव्ही ते जुनं सिग्नल पचवायला वेळ घेतो, त्यामुळे बटण दाबल्यावर गाडी जरा उशिरानेच वळते. तेव्हा मूळ हार्डवेअरची मजाच वेगळी वगैरे मी म्हणत नाही. आठवणींचा उमाळा म्हणाल तर तोही नाही. बालपणीच्या बाकी वस्तू मी बिनदिक्कत भंगारात दिल्या आहेत.

पण मी मशीनला भलतंच काही चिकटवलंय असा तुमचा सूर असतो, तो चुकीचा आहे. सुरुवातीच्या जाड मॉडेलच्या पाठीमागे हार्ड डिस्कची जागा कंपनीनेच ठेवलेली होती. नेटवर्कची केबल आणि हार्ड डिस्क दोन्ही ज्याला जोडतात तो नेटवर्क ॲडॉप्टर 2002 साली अमेरिकेत आला. त्याच वर्षी हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि माऊस असलेला, मशीनचा कॉम्प्युटर करणारा लिनक्सचा संचही तिथे विकायला आला. फायनल फँटसी 11 या ऑनलाइन गेमबरोबर 40 जीबीची हार्ड डिस्क तिथे 2004 मध्ये मिळू लागली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जे सडपातळ मॉडेल आलं त्यात नेटवर्कचं पोर्ट आतच होतं, डिस्कची जागा मात्र गायब. म्हणजे दार त्यांनीच बसवलं आणि त्यांनीच बुजवलं. मी फक्त ज्या मशीनला अजून दार आहे ते वापरतो.

कॉलेजात असताना मला हे सगळं कशासाठी हवं होतं, ते ऐकाल तर हसाल. ऑनलाइन खेळायला! एमटीएनएलचं ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं, 256 केबीपीएस. माझा मामा बोटीवर होता. त्याच्यामागे लागून ॲडॉप्टर आणि डिस्क मागवली. अमेरिकेतल्या कुणाशी तरी काळाचौकीच्या खोलीतून शर्यत लावायची अशी स्वप्नं होती. त्या मुलाला आज कुणी समजावलं असतं, की बाबा रे, सर्व्हर सातासमुद्रापार, गेमच्या डिस्का वेगळ्या रीजनच्या, म्हणजे दुसऱ्या देशांतल्या मशीनसाठी बनलेल्या, आणि आपली लाइन पावसात दोन-दोन दिवस बंद, तरी त्याने ऐकलं नसतं. ऑनलाइन काही जमलं नाही ते नाहीच.

जमलं ते वेगळंच. ग्रॅन तुरिस्मो 4 या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये ऑनलाइन नव्हतं, पण लॅनवर, म्हणजे मशीन एकमेकांना केबलने जोडून, सहा जणांपर्यंत खेळता यायचं. आमच्या चाळीत तीन खोल्या सोडून राहणाऱ्या मित्राकडे सडपातळ मॉडेल होतं. आम्ही दोन मशीन थेट जोडणारी क्रॉसओव्हर केबल आणली आणि गॅलरीतून, कठड्याच्या वरून, त्याच्या खिडकीपर्यंत ओढली. मधल्या खोलीतल्या काकू तिच्यावर रुमाल वाळत घालायच्या. दोन घरांत दोन टीव्ही, दोन मशीन, आणि हरला की भिंतीपलीकडून शिवी ऐकू यायची. सगळ्या मुंबईत असं करणारे आम्हीच, अशी आमची खात्री होती.

मग मशीनला गेमच्या डीव्हीडी वाचायला त्रास होऊ लागला. लेझर झिजते, त्यात आपली हवा. पावसाळ्यात कपाटातल्या सीडींवरसुद्धा बुरशी धरते, तिथे लेन्सचं काय घेऊन बसलात. बाबा म्हणाले, लॅमिंग्टन रोडला दाखवू. ते बेस्टमध्ये कंडक्टर. त्या भागातून रोज जायचे, त्यामुळे कुणीतरी दुकान सांगितलेलं. दुकानदाराने मशीन उलटं-सुलटं करून पाहिलं, लेन्स बदलावी लागेल म्हणाला, आणि पावती दिली. पावतीवर लिहिलेलं: 'पीएसटू, 1 नग'.

परत घ्यायला गेलो तेव्हा मशीन हातात घेताक्षणीच कळलं. हलकं लागलं. पाठ फिरवून पाहिली तर ॲडॉप्टरच्या जागी काळं प्लास्टिकचं झाकण. आत डिस्कही नाही. मी विचारलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "वो तो आया ही नहीं था." मी म्हटलं, आम्ही लावूनच दिलं होतं. त्याने हात पुढे केला. "पावती बताओ."

आता ते झाकण. नवीन मशीनला येतं तसलं, दोन चिमट्यांचं. आमच्या मशीनचं झाकण मी ॲडॉप्टर बसवताना काढलं होतं आणि ते घरी टेबलाच्या खणात होतं. मग हे कुणाचं? कुठल्या तरी दुसऱ्या मशीनचं झाकण काढून आमच्या मशीनला बसवलं होतं. नीट बसवलं होतं. मी हे बाबांना तिथल्या तिथे सांगितलं, मोठ्याने, गिऱ्हाइकांसमोर. दुकानातला पोरगा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून खाली बघत राहिला. त्याला माहीत होतं, हे मला आजही पक्कं वाटतं.

बाबा आयुष्यभर भरल्या बसमध्ये आठ आण्यांवरून भांडणाऱ्या माणसांना गप्प करत आले होते. बिनतिकिट्याला कॉलर धरून खाली उतरवताना मी त्यांना पाहिलंय. त्या दिवशी त्यांनी पावतीकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं, ठरलेले पैसे मोजून काउंटरवर ठेवले आणि मला म्हणाले, "चल."

बसमध्ये ड्युटीवर त्यांच्या ओळखीचा कंडक्टर होता. त्याने जागा करून दिली तरी बाबा बसले नाहीत. मी मांडीवर मशीन घेऊन धुमसत होतो. लालबाग आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मशीन चालतंय ना? मग झालं."

चाललंही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत. मग नवी म्हणून बसवलेली लेन्सही तशीच अडखळायला लागली आणि ती नवी कधीच नव्हती हे कळलं. तोवर गॅलरीतली केबलही कुणीतरी गुंडाळून ठेवली होती.

बाबा का गप्प राहिले यावर माझं मत दर काही वर्षांनी बदलतं. विशीत मला ते भित्रे वाटले. नंतर वाटलं, पावतीवर जे लिहिलेलं नाही त्यावर भांडता येत नाही हे कंडक्टरइतकं कुणाला कळणार. आता कधी कधी वाटतं की त्यांना मुळात तो ॲडॉप्टर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्या वस्तूसाठी अनोळखी माणसाला चोर कसं म्हणायचं हा त्यांचा प्रश्न असावा. मी त्यांना विचारलेलं नाही. ते गावाला असतात, फोनवर पाऊस-पाण्याचं बोलतात.

तर, हार्ड डिस्क कशाला? कारण लेन्स मेली तरी मशीन चालतं. मेमरी कार्डावर फ्री मॅकबूट, म्हणजे मशीनवर बाहेरचे प्रोग्राम सुरू करणारं सॉफ्टवेअर, त्यातून गेम चालवणारा ओपन पीएस2 लोडर, आणि गेम सगळे हार्ड डिस्कवर. लेन्ससाठी कुणाच्या काउंटरवर मशीन ठेवावं लागत नाही. खालची रबरी बुचं काढून मीच उघडतो, मीच साफ करतो. बस. एवढंच उत्तर आहे. ते आधी न देता एवढं पुराण लावलं, कारण नुसतं उत्तर दिलं की तुम्ही "पण पेन ड्राइव्ह लावला तरी चालतं की" म्हणता.

नाही चालत. म्हणजे चालतं, पण रडत. मशीनचं यूएसबी जुनं, 1.1 चं. सेकंदाला फार तर दीड एमबी. मूळ डीव्हीडी ड्राइव्ह पाच एमबीच्या आसपास देतो. म्हणजे पेन ड्राइव्ह डीव्हीडीपेक्षाही हळू, आणि गेममधला व्हिडिओ सुरू झाला की आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे. नेटवर्क त्याहून बरं, पण त्यातही गोम आहे. मोठा प्रोसेसर चित्राच्या कामात असतो. यूएसबी, नेटवर्क, डिस्क हे सगळं सांभाळतो तो पहिल्या प्लेस्टेशनमधला छोटा प्रोसेसर, सुमारे 37 मेगाहर्ट्झचा, 2 एमबी मेमरीवर. त्याच मेमरीत गेमलाही आपलं सामान ठेवायचं असतं. नेटवर्कचा ड्रायव्हर आत घुसला की काही गेम सरळ काळा पडदा दाखवतात, आणि तोच गेम हार्ड डिस्कवरून निमूट चालतो. नव्या पद्धतीच्या, सॅटा जोडणीच्या हार्ड डिस्कसाठी ॲडॉप्टरची पट्टी बदलावी लागते, ते काम एका संध्याकाळचं.

भाच्याचा दुसरा प्रश्न अवघड असतो. "म्हणजे पायरसीच ना?" मी ठसक्यात सांगतो की माझ्या गेमच्या डिस्का मीच कॉपी केल्यात. खरं आहे. पण त्यातल्या बऱ्याच डिस्का मुळातच फुटपाथवरच्या, मार्कर पेनने नाव लिहिलेल्या होत्या, हेही खरं आहे. तेव्हा सगळेच तसं करायचे, हे उत्तर त्याला पटत नाही. मलाही अर्धंच पटतं. नंतर काही मूळ डिस्का चोरबाजारातून विकत घेतल्या. त्याने हिशोब मिटतो का? बनवणाऱ्याला त्यातला एक पैसा गेला नाही.

बायकोचा प्रश्न सगळ्यांत नेमका. मी ज्या मार्गाने लॅपटॉपवरून गेम पाठवतो त्याला एसएमबी1, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याची विंडोजची जुनी पद्धत, लागते. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने 2017 मध्ये त्याच फटीतून धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षापासून विंडोज 10 मध्ये ती आपोआप येणं बंद झालं. त्यामुळे एक म्हातारा लॅपटॉप केवळ यासाठी घरात ठेवलाय, इंटरनेटपासून तोडून. ती म्हणते, "डिस्क आत आहे, गेम तिच्यावर भरलेत. मग ती नेटवर्कची निळी केबल कशाला?" तिचं बरोबर आहे. एकदा डिस्क भरली की केबलचं काही काम उरत नाही. मित्र बदलापूरला गेला, त्याचं मशीन कधीच भंगारात गेलं. नेटवर्कचं पोर्ट नसलेले, नुसते डिस्कपुरते ॲडॉप्टर बाजारात स्वस्तात मिळत होते. मी पोर्टवालाच शोधून घेतला, जास्त पैसे मोजून.