कासलची कारंजी: पाण्यासोबत डोंगर उतरताना

जर्मनीत शिकायला आलेली आपली मुलं सुट्टी मिळाली की बर्लिन, म्युनिक, नाहीतर थेट पॅरिस गाठतात. ग्योटिंगन या विद्यापीठाच्या गावाहून लोकल रेल्वेने तासाभरावर असलेलं कासल शहर सहसा राहून जातं. तिथल्या विल्हेल्म्सह्योहे राजवाड्यामागच्या डोंगरावर तीनशे वर्षांपूर्वीची कारंजी आणि धबधबे आहेत. पंप एकही नाही, सगळा खेळ उताराचा. बघायला तिकीटही नाही. २०१३ मध्ये युनेस्कोने हे उद्यान जागतिक वारसा यादीत घेतलं.

मात्र वाटेल तेव्हा जाऊन भागत नाही. १ मे ते ३ ऑक्टोबर या काळात फक्त बुधवारी, रविवारी आणि हेसन राज्याच्या सुट्ट्यांना पाणी सोडतात, तेही एकदाच, दुपारी २:३० वाजता, डोंगरमाथ्यावरच्या हर्क्युलिसच्या पुतळ्यापाशी. पुढे पाणी टप्प्याटप्प्याने खाली येतं आणि माणसं त्याच्याबरोबर उतरतात. पहिल्यांदा येणारे नेमके उलटं करतात. ट्रामने राजवाड्यापाशी उतरून चढायला लागतात आणि अर्ध्या वाटेत वरून येणाऱ्या गर्दीत अडकतात.

कासल-विल्हेल्म्सह्योहे स्टेशनवर उतरा. डॉइचलँड-तिकीट, म्हणजे लोकल वाहतुकीचा मासिक पास, असेल तर आयसीई या वेगवान गाडीत बसू नका, ते तिथे चालत नाही. बाहेरून ४ नंबरची ट्राम ड्रुझेलटालला जाते, तिथून २२ नंबरची बस हर्क्युलिसला. रविवारी दुपारी ही बस खच्चून भरते, म्हणून दीडच्या आत वर पोहोचलेलं बरं. जमत असेल तर बुधवारच गाठा.

हर्क्युलिसचा तांब्याचा पुतळा १७१७ मध्ये पुरा झाला. लँडग्राफ कार्ल या राजाने इटलीहून ग्वेर्नियेरो नावाचा वास्तुकार आणून हा डोंगर घडवून घेतला. पुतळ्याखालून निघणारा पायऱ्यापायऱ्यांचा जलप्रपात सुमारे अडीचशे मीटर लांब आहे. वर दगडात गाडलेल्या राक्षसाच्या तोंडातून पाण्याची धार उसळते आणि बाजूच्या मूर्तींची शिंगं चक्क वाजतात. पाण्याने दाबलेली हवा त्यांतून बाहेर पडते, म्हणून हा आवाज.

मला विचाराल तर वर शिंगं ऐकत थांबण्यापेक्षा प्रपाताच्या तळाशी, नेपच्यूनच्या कुंडापाशी उभं राहावं. पाणी एकेक टप्पा भरत आपल्याकडे येताना अख्खं दिसतं, आणि पुढच्या ठिकाणासाठी आपण गर्दीच्या पुढे असतो. कुंड भरलं की निघायचं. शेवटचा थेंब पाहत बसलात तर पुढचं एक ठिकाण नक्की हुकतं.

३:०५ ला स्टाइनह्योफर धबधबा. इथे आधी नुसते कोरडे खडक दिसतात, आणि पाणी एकाएकी अनेक फटींतून फुटतं. ३:२० ला सैतानाचा पूल. त्याखालच्या तळ्याचं नाव नरकतळं, म्हणजे नावं ठेवणाऱ्याने कसूर ठेवली नाही. पुलावर रेटारेटी होते. फोटो खालच्या वाटेवरून चांगला येतो. चालण्याचा वेग कमी असेल तर हाच टप्पा सोडा आणि ३:३० साठी सरळ जलसेतूकडे जा. रोमन पडक्या बांधकामासारखा मुद्दाम अर्धवट बांधलेला हा सेतू अठराव्या शतकाच्या शेवटचा. पाणी त्याच्या तुटक्या टोकावरून कोसळतं.

३:४५ ला राजवाड्यासमोरच्या तळ्यात मोठं कारंजं सुमारे ५० मीटर उडतं. त्याचा साठा वर डोंगरात आहे. दर १० मीटर उंचीमागे पाण्याला साधारण एक वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब मिळतो, पण नळातलं घर्षण आणि हवेचा विरोध त्यातला बराच खातो. म्हणून साठा कारंज्याच्या टोकापेक्षा पुष्कळ वर ठेवावा लागतो. कात्रजच्या तलावाचं पाणी उतारानेच पुण्यात आणून शनिवारवाड्याचं हजारी कारंजं चालवलं जायचं, तेच तत्त्व इथे डोंगराच्या मापाने वापरलंय. झाडांच्या पानांवरून वारा कुठून आहे ते बघा आणि त्याच बाजूला उभे राहा, नाहीतर कॅमेरा भिजतो.

बूट घसरणार नाहीत असे हवेत. प्रपाताशेजारच्या पायऱ्या शेवाळलेल्या आणि ओल्या असतात, उतार दोनशे मीटरांहून जास्त. बाळाची गाडी किंवा चाकांची बॅग आणू नका. फार कोरडा उन्हाळा असेल तर साठे भरत नाहीत आणि कार्यक्रम आखडतात किंवा रद्द होतो, तेव्हा निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. याशिवाय जून ते सप्टेंबरमध्ये दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अंधार पडल्यावर दिव्यांसह पाणी सोडतात. तेव्हा गर्दी दुप्पट धरा आणि परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

राजवाड्यात जुन्या चित्रांचं संग्रहालय आहे, सोमवारी बंद. रेम्ब्राँटचं १६५६ चं याकोबाच्या आशीर्वादाचं चित्र तिथेच आहे. कारंजं संपल्यावर सगळे एकदम १ नंबरच्या ट्रामकडे धावतात, त्यामुळे ही वेळ आत घालवणं फायद्याचं.