त्रिरश्मी ते चैत्यभूमी

आत्या गेल्यानंतर आलेल्या पहिल्याच डिसेंबरात, नाशिकहून दादरला पायी जाणाऱ्या जथ्यात मी नाव नोंदवले, तेव्हा घरच्यांनी मला गुडघ्यांची आठवण करून दिली आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी शिल्लक रजांची. आत्या असती तर तिने दोन्हींपेक्षा वाईट काहीतरी ऐकवले असते. ती आयुष्यभर सहा डिसेंबरला रेल्वेने गेली, बसायला जागा मिळाली नाही तर दारात उभी राहून गेली, आणि पायी निघणाऱ्यांना म्हणायची, "चालत जाऊन बाबासाहेबांवर काय उपकार करणार आहात?" तरीही मी निघाले, कारण तिच्याविषयी सलग विचार करता येईल इतका निवांतपणा मला घरात मिळणार नव्हता, हे मला ठाऊक होते.

त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी त्रिशरण-पंचशील झाले, पंचरंगी ध्वज पुढे आणि निळे झेंडे मागे लागले, आणि पहाटेच्या थंडीत आम्ही मुंबई-आग्रा रस्त्याला लागलो. पहिल्या टप्प्यातच मला राग आला. जथ्यासोबतच्या टेम्पोवर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तिच्या दुप्पट आकाराचे फोटो चहा-नाश्ता देणाऱ्या पुढाऱ्यांचे होते. कर्ण्यावरची भीमगीते इतक्या मोठ्या आवाजात लावलेली होती की शेजारची बाई काय सांगते आहे तेही ऐकू येईना. विल्होळीच्या पुढे कोणीतरी तो कर्णा बंद केला, बायकांनी तेच गाणे स्वतःच्या आवाजात धरले, आणि मीही गाऊ लागले.

घोटी, इगतपुरी हे मुक्काम माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या शाळेच्या व्हरांड्यात पिठले-भात होते आणि कोणत्या विहारात खिचडी, हे आता सांगता येणार नाही. धम्मगिरी या विपश्यना केंद्राचा सोनेरी पॅगोडा लांबून दिसला, आणि आत्या तिथे शिबिरांना जायची एवढेच मी शेजारणीला सांगितले.

खरे तर त्या शिबिरांवरून आमच्या घरात वाद झाले होते. माझे आजोबा 1930 च्या काळाराम सत्याग्रहात होते, आणि 7 डिसेंबर 1956 रोजी दादरला बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसागराला धम्मदीक्षा दिली, तेव्हा ते त्या गर्दीत उभे होते. परत आले ते देव्हारा रिकामा करूनच जेवायला बसले. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1964 रोजी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ती तुरुंगात गेली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, या त्या सत्याग्रहाच्या मागण्यांपैकी दोन. तैलचित्र 12 एप्रिल 1990 रोजी लागले. त्या दिवशी आत्याने पेढे वाटले आणि वाटता वाटता प्रत्येकाला सांगितले, "फोटोला पंचवीस वर्षं लागली. जमिनीचं अजून बघायचंय." अशी बाई साठीत इगतपुरीला जाऊन डोळे मिटून बसू लागली, हे चळवळीतल्या जुन्या मंडळींना रुचले नाही, डोळे मिटून सातबारा मिळत नसतो, असे त्यांनी तिला तोंडावर सांगितले. ध्यानाच्या वर्तुळातल्या मंडळींना तिचा तहसील कचेरीतला आरडाओरडा रुचत नसे. त्यांच्या मते तिचा द्वेष अजून गळून पडायचा होता. ती दोघांचेही ऐकून घेई. पहाटे तासभर बसे, आणि दहाच्या ठोक्याला कोणाचा तरी अर्ज घेऊन कचेरीच्या पायरीवर हजर होई.

कसारा घाट उतरताना मला काही वाटले नाही, उलट उतार आहे म्हणून मी भराभर चालले. त्याचा हिशेब खर्डीच्या पुढे दुपारी चुकता झाला. डिसेंबर असला तरी घाटाखालचे ऊन नाशिकचे नसते, डांबर तापलेले होते, कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जात होते, आणि उजव्या टाचेला सुपारीएवढा फोड आला होता. आधी मी चवड्यावर चालून पाहिले, त्याने पोटरी धरली. मग बूट काढून नुसत्या मोज्यावर चालले, तेव्हा खडी टोचू लागली. जथा पुढे निघून गेला. टेम्पोत बसा, असे कार्यकर्त्याने दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा मी त्याला तुटकपणे नाही म्हटले, त्याचा काहीएक दोष नसताना. त्या दुपारी माझ्या मनात बाबासाहेब नव्हते, बुद्ध नव्हता, आत्याही नव्हती; फक्त टाच होती, आणि सगळ्या जगाने माझ्यासाठी थांबायला हवे होते असा एक चिडका हट्ट होता. वेदना येते, राहते, जाते, तिच्याकडे तटस्थपणे पाहा, असे आत्या सांगायची. मी पाहिले. ती काही जाईना.

रस्त्याकडेला पंक्चर काढणाऱ्याची एक टपरी होती. बाहेर टायर रचलेले होते, त्यांतल्या एकावर मी विचारल्याशिवाय बसले. दुकानदार पन्नाशीचा, उत्तरेकडचा असावा. त्याने माझ्याकडे पाहिले, हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहिले, ते काम पुरे केले, गिऱ्हाइकाला रवाना केले आणि मग माझ्यासमोर उकिडवा बसला. "फोडना मत," एवढेच म्हणाला. मला वाटले, हा आता रबराचे सोल्यूशन लावतो की काय, आणि मी पाय मागे घेतला. तो हसला नाही. जुन्या स्कूटरच्या फाटक्या सीटमधला फोमचा तुकडा त्याने कात्रीने गोल कापला, मधोमध फोडाएवढे भोक पाडले, माझ्या टाचेवर धरून पाहिले, भोक लहान वाटले म्हणून पुन्हा कापले. बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने पाय धुवायला लावला, पंख्यासमोर वाळू दिला, आणि तो फोम चिकटपट्टीने असा बसवला की सगळा भार कडेवर यावा आणि फोड मधल्या पोकळीत सुटा राहावा. मोजा चढवायला त्याने मदत केली नाही. तेवढे मी करू शकते हे त्याने पाहिले असावे.

मी कुठे निघाले, झेंडा कसला, यातले त्याने काही विचारले नाही. आपणहून सांगावे असे मला वाटले होते, पण तोवर एक मोटरसायकल येऊन थांबली होती. किती झाले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "दस." मी पन्नासची नोट काढली, तर त्याने डब्यातून मोजून चाळीस परत दिले. सुरुवातीला मला ते थोडे लागले. इतक्या जिव्हाळ्याने केल्यावर पैसे कशाला घ्यायचे, असे वाटले. चार पावले टाकल्यावर फोम आपले काम करू लागला आणि मनही ताळ्यावर आले. सकाळीच एका ठिकाणी आम्हाला केळी वाटताना प्रत्येकीला कॅमेऱ्याकडे बघायला लावले होते. इथे माझे काम झाले होते, त्याचे दाम दिले गेले होते, आणि आम्ही दोघे कोणाच्या उपकारात नव्हतो.

त्या संध्याकाळी शहापूरकडे चालताना आत्या पुन्हा मनात आली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खूविषयी एक प्रश्न टाकला आहे: बुद्धाला भिक्खू कशासाठी हवा होता, परिपूर्ण माणूस घडावा म्हणून की समाजाचा सेवक असावा म्हणून? नुसता परिपूर्ण असेल तर तो स्वार्थी ठरेल, सेवक असेल तर धम्माला त्याच्याकडून आशा आहे, असे त्यांचे म्हणणे. आत्या हे पान लोकांना वाचून दाखवायची. तिच्यावर टीका करणाऱ्या दोन्ही बाजूंना उत्तर म्हणून ती ते वाचते, असे मी इतकी वर्षे समजत होते. आता वाटते, तो प्रश्न ती रोज पहाटे स्वतःलाच विचारत असणार, आणि उत्तर मनासारखे येत नसल्यामुळे कचेरीत आवाज चढत असणार. तिला आम्ही थोर म्हणतो; सोबत राहायला ती कठीण होती, हेही लिहून ठेवायला हवे.

पडघा, भिवंडी बायपास, ठाणे हे सगळे धूळ आणि हॉर्न यांत गेले. शिवाजी पार्कला पोहोचलो तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलांवर इतकी गर्दी होती की पाय दुखत असूनही मी आधी तिकडे वळले. बाबासाहेबांचे पुत्र भय्यासाहेब यांनी लोकांच्या बळावर उभारलेल्या आणि 5 डिसेंबर 1971 ला खुल्या झालेल्या चैत्यभूमीच्या स्तूपाकडे जाणारी रांग कुठे सुरू होते ते शोधण्यातच बराच वेळ गेला. रांगेत माझ्यामागे परभणीकडची एक म्हातारी होती. माझे लंगडणे पाहून तिने विचारले, "कुणासाठी चालत आलीस बाई?"

"आत्यासाठी."

"काय करायची ती?"

सत्याग्रह, तुरुंग, विहार, शिबिरे, कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. मी म्हटले, "अर्ज लिहायची लोकांचे."

म्हातारीने पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली. म्हाताऱ्यांना पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेचा तिचा अर्ज वयाच्या दाखल्यावरून परत आला होता, आणि ती तो भेटेल त्याला दाखवत इथवर आली होती. "मग मला बी दे लिहून," ती म्हणाली. मी सांगितले की इथे उभ्याने नीट होणार नाही, दाखला जोडायला लागेल, तलाठ्याला भेटावे लागेल. तिने ते सगळे ऐकले आणि कागद माझ्या हातात दिला. पुढच्या मुलाची पाठ टेकू म्हणून मागून घेतली, पेन दोनदा अडले, आणि मी तालुका विचारला.